विद्यापीठ ग्रंथालयात इंटर्नशिप, पण नुसती पुस्तकं लावतेय. अहवाल कशावर लिहू? (मदत हवी आहे, तातडीची)

निळीशाई
नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात इंटर्नशिप चालू आहे. निम्मा काळ सरत आला तरी माझ्याकडे एकच काम आहे: परत आलेली पुस्तकं रॅकवर लावायची आणि रांगा तपासायच्या. शेवटी अहवाल द्यायचाय आणि त्यात 'कामातून काढलेला निष्कर्ष' हा भाग सक्तीचा आहे. पुस्तकं लावण्यातून कसला निष्कर्ष काढू? शुक्रवारपर्यंत विषय कळवायचा आहे. पटकन होईल असं काहीतरी सुचवा. 'तिथल्या ग्रंथपालांशी बोला' एवढं मात्र सांगू नका, बोलून झालंय.

वाटसरू
इंटर्नशिप कोणत्या विषयाची? ग्रंथालयशास्त्र की दुसरं काही? अहवाल तपासणार कोण, तुमच्या विभागातले की ग्रंथालयातले? हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

टर्मिनल
सॉफ्टवेअर कोणतं आहे ते सांगा. कोहा असेल तर प्रश्नच मिटला. त्यात एसक्यूएल (साठवलेली माहिती विचारायची भाषा) लिहून रिपोर्ट काढता येतात. चालू देवघेव 'इश्यूज' टेबलमध्ये असते, पुस्तक परत आलं की ती नोंद 'ओल्ड_इश्यूज'मध्ये जाते. दोन्ही एकत्र करा, विषयवार वापर काढा, आलेख टाका. एका संध्याकाळचं काम आहे. आणि रॅक लावणं हे इंटर्नचं काम नव्हेच, हे त्यांना स्पष्ट सांगा.

मृगजळ
ग्रंथालयात इंटर्नशिप मिळवायची असेल तर नुसता बायोडेटा पाठवून उपयोग नाही. देवघेव, तालिकीकरण, नियतकालिकं, डिजिटल संग्रह, यातलं काय शिकायचंय ते अर्जातच लिहावं. मोघम अर्ज आला की माणूस देवघेवीच्या काउंटरवर बसवला जातो.

वाटसरू
@मृगजळ, अहो, त्यांना मिळालेली आहे. प्रश्न अहवालाचा आहे.

जुनेपान
माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॅक लावणं इंटर्नचं काम नव्हे हे टर्मिनल यांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. भलत्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं. संगणक 'उपलब्ध' म्हणतो, वाचक रॅकपाशी जातो आणि हात हलवत परत येतो. अशा पुस्तकासाठी आम्ही अख्खी गल्ली पालथी घातली आहे.

ड्यूई पद्धतीत प्रत्येक विषयाला एक आकडा, म्हणजे वर्गांक असतो; ५१९.५ म्हणजे संख्याशास्त्र. त्यातलं ५१९.५३५, म्हणजे बहुचल विश्लेषण, ५१९.६ च्या आधी यायला हवं. पण नवखा माणूस दशांशचिन्हापुढचे आकडे 'पाचशे पस्तीस' असे वाचतो, ते सहापेक्षा मोठे म्हणून पुस्तक ५१९.६ च्या पलीकडे खोचतो आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळतो. वर्गांकाखाली लेखकाची अक्षरं असतात. पातळ पुस्तकाच्या कण्यावर ती मावत नाहीत, लेबल कडेला दुमडलं जातं आणि पुढचं अक्षर घासून जातं. मग एकाच वर्गांकाची सगळी पुस्तकं आपापसात मिसळतात.

निळीशाई, हे तुम्हाला रोज दिसत असणार. जे दिसतं तेच टिपा की.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. मी ग्रंथालयशास्त्राची नाही, संख्याशास्त्राची आहे. अहवाल आमच्याच विभागात तपासणार. कोहा आहे, पण मला लॉगिन दिलेलं नाही, वाचकांसाठीचा ओपॅक (पुस्तकं शोधायची ऑनलाइन यादी) तेवढा दिसतो. माझ्याकडे ५१० ते ५३० चे रॅक आहेत. जुनेपान काका, ५१९ चं अगदी तुम्ही म्हणता तसंच होतं, मी ती पुस्तकं रोज परत जागेवर आणते. पण यात अहवाल कुठे आहे ते अजून कळत नाहीये.

टर्मिनल
लॉगिन नाही हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. हरकत नाही. कोहात रिपोर्ट बनवण्याची आणि चालवण्याची परवानगी वेगवेगळी देता येते. फक्त चालवण्याची मागा, ती द्यायला कोणी फारसं घाबरत नाही. मग एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं काढा आणि 'ही बाद करून जागा मोकळी करा' अशी शिफारस लिहा. निष्कर्ष मिळाला.

जुनेपान
कृपया असलं काही करू नका. देवघेवीत नोंद नाही म्हणजे पुस्तक कोणी वाचलं नाही, असं होत नाही. संदर्भग्रंथ तर घरी देतच नाहीत. इतर पुस्तकंही विद्यार्थी टेबलावर घेऊन बसतात, टिपणं काढतात आणि तिथेच ठेवून जातात. टेबलावरची पुस्तकं उचलताना त्यांची नोंद केली तरच तो वापर कळतो. कोहात तशी सोय आहे, पण काउंटरवर गर्दी असली की ती राहून जाते. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक आहे: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. शोधायचं ते हे, की वाचक आणि पुस्तक यांची गाठ का पडत नाही. अर्धवट आकड्यांवर पुस्तकं बाद करायची शिफारस एका विद्यार्थिनीच्या नावावर जाऊ नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

पानगळ
जुनेपान यांच्याशी सहमत. शिवाय कोहाच्या त्या 'इश्यूज' टेबलांमध्ये कोणत्या वाचकाने काय नेलं तेही असतं. कोणी काय वाचतो ही खाजगी गोष्ट आहे. इंटर्नच्या हाती ती माहिती गेली नाही हे योग्यच झालं.

टर्मिनल
वाचकाचा क्रमांक वगळून रिपोर्ट काढता येतो. आणि २०२० नंतरच्या जगात अजून बोटाने रांगा तपासायच्या? पुस्तकांना आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप) बसवा, हातातला रीडर रांगेवरून फिरवा, काय जागेवर नाही ते लगेच कळतं.

जुनेपान
लोखंडी रॅक आणि चिकटून ठेवलेली पातळ पुस्तकं असली की रीडरकडून बरीच सुटतात, ती शेवटी डोळ्यांनीच बघावी लागतात. आणि त्यांनी विचारलंय अहवालाचं. आरएफआयडी बसवणं त्यांच्या हातात आहे का?

पानगळ
अवांतर: रांगा तपासताना कसर दिसली तर लगेच सांगत जा. तिला दमट जागा आवडते, भिंतीलगतचे खालचे खण आधी बघा.

वाटसरू
विषय डोळ्यांसमोरच आहे असं मला वाटतं. तुम्ही संख्याशास्त्राच्या, आणि हाताशी रोज तयार होणारी माहिती. पुस्तक जागेवर लावण्याआधी तीन गोष्टी लिहा: कण्यावरचा बोधांक (वर्गांक आणि लेखकाची अक्षरं), ते कुठे सापडलं, आणि चूक कोणत्या प्रकारची. दशांशाची, अक्षरांची, लेबल फाटल्याची, की वाचकाने जवळच्या खणात ठेवून दिल्याची. लांब वर्गांकांमध्ये चुका जास्त होतात का, हे तपासा. हाच तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर हाच निष्कर्ष.

निळीशाई
हे जमेल! म्हणजे दशांशानंतर किती आकडे आहेत त्यानुसार गट पाडायचे आणि चुकीचं प्रमाण बघायचं. नमुना किती मोठा घेऊ? ९५ टक्के विश्वासपातळी आणि अंदाजात ±५ टक्के फरक धरला तर ३८५ पुस्तकं येतात.

वाटसरू
३८५ हा आकडा प्रमाण ५० टक्के धरून येतो. जागा चुकलेली पुस्तकं मुळात ४ टक्के असतील तर ±५ चा काय उपयोग? ४ टक्के धरून ±२ घेतलेत तर साधारण ३७० लागतील. पण हे झालं एकूण प्रमाणाचं. गटांची तुलना करायची असेल तर प्रत्येक गटात पुरेशी पुस्तकं हवीत. आणि चुका एकाच खणात घोळक्याने येतात, एक पुस्तक चुकलं की शेजारची दोन-तीनही तशीच. म्हणून सुटी पुस्तकं निवडण्यापेक्षा खण यादृच्छिक निवडा आणि निवडलेला खण पूर्ण तपासा. मग समूह नमुना पद्धतीचं सूत्र वापरावं लागेल, साधं चालणार नाही. नमुनाही त्यामुळे मोठा लागेल.

टर्मिनल
हे चांगलं आहे, मान्य. एक भर घालतो. कोहात इन्व्हेंटरी नावाचं साधन आहे. बारकोडची फाइल दिली की रांगेत काय असायला हवं होतं आणि काय सापडलं नाही त्याची यादी मिळते. ग्रंथपालांना ते स्वतः चालवायला सांगा, तुम्ही फक्त बारकोड स्कॅन करून द्या. लॉगिन लागणारच नाही.

जुनेपान
हे टर्मिनल यांनी उत्तम सुचवलं. मात्र खण तपासायचा तर सकाळी, ट्रॉली फिरायच्या आधी. आणि तपासायच्या खणांमधली चुकलेली पुस्तकं नोंद होईपर्यंत हलवू नका. रोजच्या सवयीने तुम्ही ती आधीच नीट लावलीत तर मोजायला काही उरणार नाही.

निळीशाई
हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. उद्या विचारते, निवडलेले खण तेवढ्यापुरते तसेच ठेवू देतील का. विषय असा कळवतेय: 'वर्गांकाची लांबी आणि पुस्तकांची चुकीची मांडणी'. काही बदल सुचत असेल तर आज रात्रीच सांगा.

वाटसरू
'५१० ते ५३० वर्गांतील पाहणी' हे शीर्षकातच घाला. नाहीतर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

मृगजळ
अहवालासोबत ग्रंथालयाचं अनुभवपत्र घ्यायला विसरू नका, पुढच्या अर्जाला लागतं.