संरक्षक संताचा दिवस: डब्लिनला सुट्टी, लंडनला नाही, असे का?

बाणेरकर:
नमस्कार. आमच्या बाणेरच्या कार्यालयातून डब्लिन, बेलफास्ट, लंडन, एडिंबरा, लिस्बन आणि बुडापेस्ट येथील ग्राहकांचे काम चालते, आणि वर्षारंभी सुट्ट्यांचा तक्ता करण्याचे काम माझ्या गळ्यात पडलेले आहे. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, डब्लिन आणि बेलफास्ट दोन्ही बंद असतात. मात्र २३ एप्रिलला, सेंट जॉर्ज हे इंग्लंडचे संरक्षक संत असूनही, लंडनचे लोक नेहमीप्रमाणे कामावर असतात. ही सुट्टी कोण आणि कशाच्या आधारे ठरवते?

नारायणपेठी:
संत कितीही मोठा असला, तरी सुट्टी कायद्यानेच मिळते. १९०३ मध्ये ब्रिटिश संसदेने खास आयर्लंडसाठी कायदा करून १७ मार्चची सुट्टी जाहीर केली. तेव्हा संपूर्ण बेट ब्रिटिश अमलाखाली असल्यामुळे पुढे फाळणी झाली तरी उत्तर आयर्लंडमध्ये ती सुट्टी टिकली, आणि म्हणून आपले बेलफास्टही बंद असते. स्वतंत्र आयर्लंडने तर हा दिवस इतक्या सोवळ्यात पाळला, की १९२० च्या दशकापासून १९६० पर्यंत त्या दिवशी मद्यालये कायद्याने बंद असत. हिरव्या टोप्या घालून चालणारा जल्लोष बराचसा अमेरिकेतल्या स्थलांतरितांनी वाढवलेला आहे. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची, तर डब्लिनचा आजचा महोत्सव १९९६ पासूनचा.

सेंट जॉर्ज यांच्या नावाने इंग्लंडमध्ये आणि सेंट डेव्हिड यांच्या नावाने (१ मार्च) वेल्समध्ये सार्वजनिक सुट्टी नाही. स्कॉटलंडने २००७ मध्ये सेंट अँड्र्यू यांच्या ३० नोव्हेंबरला सुट्टी दिली खरी, पण बँका आणि मालकांवर ती पाळण्याचे बंधन घातले नाही. तेव्हा एडिंबऱ्याच्या ग्राहकांना स्वतंत्रपणे विचारलेलेच बरे.

मुक्काम_लिस्बन:
पोर्तुगालसाठी तक्त्यात शहरनिहाय रकाना करावा. १० जून ही राष्ट्रीय सुट्टी आहे आणि ती संताची नसून कवीची आहे: लुईश द कामोंइश १५८० मध्ये याच तारखेला वारले. त्याशिवाय प्रत्येक नगरपालिकेची स्वतःची एक सुट्टी असते. लिस्बनची १३ जूनला, सेंट अँथनी यांच्या नावाने, आणि पोर्तोची २४ जूनला, सेंट जॉन यांच्या नावाने. गंमत अशी, की लिस्बनचे अधिकृत संरक्षक संत व्हिन्सेंट आहेत, पण लोकांनी आपल्या गावात जन्मलेल्या अँथनींनाच डोक्यावर घेतले आहे. १२ जूनच्या रात्री लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत तार्ली मासे भाजल्याचा धूर कोंडलेला असतो आणि मांजेरिको नावाच्या, तुळशीच्याच कुळातल्या रोपाच्या छोट्या कुंड्या विकायला असतात. प्रत्येक कुंडीत कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. त्या रोपाला थेट नाक लावायचे नाही, तळहात फिरवून हाताचा वास घ्यायचा, असा तिथला रिवाज आहे. १३ तारखेला सकाळी बैठक ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

इतिहास_वाचक:
बुडापेस्टचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २० ऑगस्ट हा हंगेरीचे पहिले राजे सेंट स्टीफन यांचा दिवस आहे. १०८३ मध्ये याच तारखेला त्यांना संतपद देण्यात आले. कम्युनिस्ट राजवटीला संतही नको होता आणि राजाही, पण लोकांचा सण मोडणे तिलाही जमले नाही. मग १९४९ ची नवी राज्यघटना नेमकी २० ऑगस्टला अमलात आणून त्या दिवसाला ‘संविधान दिन’ म्हटले गेले, आणि त्याला नव्या गव्हाच्या पावाचा सोहळाही जोडला गेला. १९९१ मध्ये संसदेने तो दिवस पुन्हा स्टीफन यांच्या नावे केला. पाव मात्र राहिला, आणि आजही तो लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीने बांधून समारंभात ठेवतात. तारीख तीच ठेवून तिचा धनी बदलणे, ही राज्यकर्त्यांची जुनीच रीत आहे.

बाणेरकर:
सर्वांचे आभार. एक शंका उरली: ही सुट्टी शनिवारी किंवा रविवारी आली, तर सोमवारी बदली सुट्टी मिळते का?

नारायणपेठी:
उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सोमवार धरावा. डब्लिनला मात्र कायद्याने सोमवार आपोआप मिळत नाही, तेव्हा तिथल्या ग्राहकांना विचारून घ्यावे. पोर्तुगालमध्ये सुट्टी बुडाली असे समजावे. हंगेरीत सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली, तर सरकार मधला दिवसही सुट्टीचा करते आणि त्याच्या बदल्यात एखाद्या शनिवारी काम करायला लावते. २०२४ मध्ये १९ ऑगस्टच्या सोमवारसाठी ३ ऑगस्टचा शनिवार भरून द्यावा लागला होता. ते शनिवारही तक्त्यात नोंदवून ठेवावेत, आणि जमल्यास अनंत चतुर्दशीला पुणे का बंद असते, याची एक टीप सर्व ग्राहकांना आधीच पाठवून द्यावी.