६-एपीए : अल्कली पूर्ण लागतं, पण पदार्थ कमी मिळतो

रसायनवेडी :
एमएस्सीच्या प्रकल्पात पेनिसिलिन-जीपासून ६-एपीए (६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, म्हणजे बाजूची साखळी काढलेला पेनिसिलिनचा गाभा) बनवतेय. मण्यांवर बसवलेलं पेनिसिलिन असायलेज हे एन्झाइम, ३७ अंश, पीएच ८. १० ग्रॅम पोटॅशियम क्षाराला १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड साधारण २७ मिली लागतं, म्हणून विक्रिया पूर्ण झाली असं धरते. स्फटिक मात्र ४ ग्रॅमच. बाकीचं जातं कुठे? शिवाय गाभ्यातलं बीटा-लॅक्टम कडं (चार अणूंचं वलय) इतकं नाजूक, तरी एन्झाइम बाजूची साखळीच कशी तोडतं?

मणी_आणि_स्तंभ :
या एन्झाइमवर मी बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी अपेक्षा किती ठेवायची ते बघा. क्षाराचा रेणुभार ३७२, ६-एपीएचा २१६. म्हणजे १० ग्रॅममधून जास्तीत जास्त ५.८ ग्रॅम. तूट पावणेदोन ग्रॅमची आहे.

आता अल्कली. साखळी तुटली की फेनिलअॅसिटिक आम्ल सुटतं आणि एक मोल अल्कली खातं. पण बीटा-लॅक्टम कडं उघडलं तरी नवा आम्लगट तयार होतो आणि तोही एक मोलच खातो! बुरेटला या दोन्हींतला फरक कळत नाही. थोडं पेनिसिलिन तसंच शिल्लक आणि थोड्याचं कडं उघडलेलं, तरी बेरीज २७ येऊ शकते. तुमचं अल्कली कुठे आणि कसं पडतं ते बघा. थेंब पडतो तिथे क्षणभर पीएच खूप चढतो, आणि कडं तिथेच फुटतं. ढवळणं वाढवा, पण मणी भरडले जाणार नाहीत इतपतच. अल्कली पातळ करा किंवा सौम्य अमोनिया वापरा. तापमान ३० च्या आसपास आणलंत तर वेळ वाढेल, कडं मात्र वाचेल.

साखळीच का तुटते? एन्झाइमच्या खोबणीत फेनिल वलय घट्ट बसतं. ते बसलं की एन्झाइमच्याच बीटा नावाच्या प्रथिन-साखळीच्या टोकावरच्या सेरीन या अमिनो आम्लासमोर पेनिसिलिनच्या बाजूच्या साखळीचा अमाइड बंध येतो, लॅक्टमचा नाही. मला हे आजही विलक्षण वाटतं. हेच काम रासायनिक मार्गाने करायला फॉस्फरस पेंटाक्लोराइड, डायक्लोरोमिथेन आणि उणे ४० अंश लागायचे.

गाळणकागद :
स्फटिकीकरणही तपासा. पीएच ४ च्या आसपास आणण्याआधी द्रावण थंड केलं होतं का? फेनिलअॅसिटिक आम्ल सेंद्रिय द्रावकाने काढून घेतलं नाही तर तेही ६-एपीएबरोबर खाली बसतं. मग तुमचे ४ ग्रॅमसुद्धा शुद्ध नसतील. कारखान्यात हे आम्ल परत बुरशीच्या किण्वनात घालतात, पेनिसिलिन-जीची साखळी त्याच्यापासूनच बनते.

रसायनवेडी :
द्रावण थंड केलं होतं, आम्ल काढलं नव्हतं. पीएच ७.५ ठेवला तर?

मणी_आणि_स्तंभ :
कडं जास्त सुरक्षित राहील. पण ही विक्रिया उलटीही होते : पीएच उतरला की समतोल पेनिसिलिनच्या बाजूला झुकतो, आणि साठलेलं फेनिलअॅसिटेट एन्झाइमला अडवतं ते वेगळंच. म्हणून द्रावण थोडं विरळ घ्या. आणि अल्कलीच्या आकड्यावर थांबू नका : दर अर्ध्या तासाने नमुना काढून पॅरा-डायमिथाइलअमिनोबेन्झाल्डिहाइडशी पिवळा रंग मोजा, ४१५ नॅनोमीटरला. तो रंग ६-एपीएच्या मोकळ्या अमिनो गटामुळे येतो, पेनिसिलिन-जी तो देत नाही. हा आलेख आणि अल्कलीचा आलेख जिथे वेगळे होऊ लागतील, तिथून कडं फुटायला लागलं असं समजा. दोन्ही आलेख इथे टाका, आपण मिळून बघू.