मुख्याध्यापकाचा हट्ट, भुर्दंड कुणाला?

जुना लिपिक, परभणी
तीस वर्षं अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात काढली. पगारबिलं, संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी), मेमो, सगळं माझ्या हातून गेलं. एक मुख्याध्यापक असे आले की मस्टर कपाटात कुलूपबंद. दहा पस्तीसला काढायचं, आणि दारात ताटकळत उभ्या असलेल्यांच्याच नावापुढं लाल शाईनं गैरहजर! विज्ञानाच्या एका सरांना दोन महिन्यांत सात मेमो. पाचव्यात काय आरोप घालावा हे साहेबांनाच सुचेना, शेवटी 'वर्तन समाधानकारक नाही' एवढंच लिहिलं.

मग निलंबन, तेही शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय. अशा वेळी निर्वाह भत्ता संस्थेनं द्यायचा असतो, दिला नाही. चौकशी 120 दिवसांत संपवायची, ती दीड वर्ष रखडली. नोकरीवरून काढलं, सर शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे खासगी शाळांतल्या नोकरीचे वाद ऐकणाऱ्या कोर्टात गेले, मागच्या पगारासकट परत आले. मधल्या काळात दहावीचं विज्ञान पीटीच्या सरांनी शिकवलं.

मागचा पगार संस्थेनं द्यायचा होता. संस्थेनं हात वर केले तर तो तिच्या अनुदानातून वळता करण्याची शिफारस न्यायाधिकरण करू शकतं, खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यात तशी सोय आहे. म्हणजे खडू, लाइटबिल, दुरुस्तीसाठी येणारं अनुदान एका माणसाच्या हट्टापायी गेलं. हा पैसा कुणाचा, ते सांगा.

सध्या खुर्चीवर, बीड
लिपिकसाहेब, मुख्याध्यापकाला शिव्या घालणं लई सोपं. मी सेवाज्येष्ठतेनं या खुर्चीवर आलो, हौसेनं नाही. लिपिकाचं पद रिक्त. सकाळी खिचडीचा तांदूळ मोजायचा, दुपारी यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरायची, आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून पोराच्या बापाला फोन, तर बाप ऊसतोडीला कर्नाटकात. वर्गावर कधी जाऊ? आणि मेमोचं म्हणाल तर सही माझी, मजकूर संस्थेच्या अध्यक्षांच्या घरून. सही नाही केली तर पुढचा मेमो मला.

बांधावरून, औंढा
पटलं नाही सर. वर्षभर सह्या करायलेत आणि म्हणायलेत अध्यक्षांनी लावलं. त्या खुर्चीचा पगार जास्त असतो ना?

आमच्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बघा. दोन शिक्षक, त्यातलेच एक मुख्याध्यापक. कामं तीच, बदलीची टांगती तलवार वेगळीच. तरी पोरं हंगामी वसतिगृहात राहावीत, आईबापामागं फडावर जाऊ नयेत म्हणून दिवाळीआधी घरोघर फिरतात. माणसामाणसात फरक असतो, सगळं व्यवस्थेवर ढकलू नका.

टीईटी पास, घरीच
आमच्याकडं शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागायची वाट बघत वय चाललं. तिकडं एकाला घरी बसवून त्याचा दीड वर्षाचा पगार मागून मोजायचा, वर्ग रिकामा. हिशेब कुणी मांडतच नाही.

जुना लिपिक, परभणी
हिशेब मांडता येतो हो. पटपडताळणी आठवा, पटावरची पोरं खरंच शाळेत आहेत का ते मोजलं होतं. आधी आमच्या शेजारच्या नांदेडात झाली, मग ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर, तीन दिवस, पोरांच्या बोटाला शाई लावून. कागदावरची पोरं उघडी पडली. त्या प्रत्येक पटावर कुण्या ना कुण्या मुख्याध्यापकाची सही होतीच. पोरं मोजायला शाई मिळाली, मग निलंबनं मोजायला काय अडचण आहे? वर्षाला किती केली, त्यातली किती न्यायाधिकरणात टिकली, एवढंच शाळेच्या फलकावर लावा. आणि मागचा पगार अनुदानातून कापू नका, सही करणाऱ्याच्या आणि अध्यक्षाच्या खिशातून घ्या.

सध्या खुर्चीवर, बीड
अध्यक्षाच्या खिशातून? घेऊन दाखवा, मी स्वतः हार घालतो. बरं, ते सात मेमो टाइप कुणी केले?

जुना लिपिक, परभणी
मीच.

सध्या खुर्चीवर, बीड
एकदा तरी नाही म्हणालात?

जुना लिपिक, परभणी
नाही. माझी वेतननिश्चिती त्यांच्याच टेबलावर पडून होती.