टॅरोला हो-नाही विचारलं आणि नाइन ऑफ स्वॉर्ड्स आलं. याचं उत्तर काय धरायचं?

प्रश्न | सायंतारा

मी टॅरोच्या पत्त्यांचा रायडर-वेट-स्मिथ डेक वापरते. मोठ्या स्प्रेडमध्ये, म्हणजे बरीच कार्डं एकत्र मांडून वाचण्यात, अजून हात बसलेला नाही, म्हणून बहुतेक वेळा एकच कार्ड काढते आणि हो की नाही एवढंच बघते.

परवा रात्री विचारलं, "माझी मैत्रीण माझ्यावर नाराज आहे का?" आमचं रोज बोलणं व्हायचं. हल्ली मी चार ओळी लिहिल्या की तिकडून "बरं" किंवा "बघू" येतं, तेही उशिरा. कार्ड आलं नाइन ऑफ स्वॉर्ड्स, म्हणजे तलवारींच्या रांगेतलं नववं, सरळ (डोकं वर).

आता अडचण अशी की हो-नाहीच्या ज्या याद्या माझ्याकडे आहेत, त्यांत या कार्डापुढे "नाही" लिहिलंय. म्हणजे ती नाराज नाही, असं समजायचं? पण ते चित्र बघून कुणाला हायसं वाटेल? दुसरीकडे वाचलं की कार्ड वाईट, तर उत्तरही वाईट. म्हणजे ती नाराज आहे! एकाच कार्डाची दोन टोकाची उत्तरं. राहवलं नाही म्हणून खुलाशासाठी अजून एक कार्ड काढलं, तर पेज ऑफ स्वॉर्ड्स. त्यातून मला काहीच उलगडलं नाही. नाइन उलटं आलं असतं तर उत्तर बदललं असतं का, हेही कुणी सांगा.

उत्तर | कोरीपाटी

माझा नियम सोपा आहे. स्वॉर्ड्समधली थ्री, नाइन आणि टेन आली की "नाही". या डेकचा कर्ता वेट, त्याने नाइनला दिलेले अर्थ बघा: मृत्यू, अपयश, विलंब, फसवणूक, निराशा. यात "हो" म्हणावं असं काय आहे? तुमच्या बाबतीत मी "ती नाराज नाही" असंच वाचेन आणि विषय संपवेन. एका कार्डाच्या रीडिंगमध्ये फार खोलात शिरलं की हवं ते उत्तर काढता येतं.

उत्तर | तिसरंपान

कोरीपाटी यांचा शेवटचा मुद्दा मला पटतो. पण "नाही" एवढ्यावर थांबायला मी तयार नाही, कारण ताईंचा गोंधळ अगदी रास्त आहे आणि तो खूप जणांचा होतो.

ताई, आधी प्रश्नाची दिशा बघा. "मला ते काम मिळेल का?" यात "हो" आलं तर आनंद. "ती नाराज आहे का?" यात "नाही" आलं तर आनंद. याद्या करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्या जातीचे प्रश्न असतात. तिथे नाइनपुढचं "नाही" म्हणजे "तुम्हाला हवं तसं होताना दिसत नाही". तेच "नाही" उचलून भीतीपोटी विचारलेल्या प्रश्नाला लावलं की वाईट कार्डातून चांगली बातमी निघते आणि मन म्हणतं, काहीतरी चुकतंय. मनाचं बरोबर आहे. म्हणून पत्ते पिसायच्या आधीच ठरवा: माझ्याकडे "नाही"चा अर्थ "असं घडलेलं नाही" की "लक्षण बरं नाही"? आणि कार्ड बघितल्यावर तो बदलायचा नाही.

मी स्वतः मात्र नाइन ऑफ स्वॉर्ड्सला ना "हो"त धरते ना "नाही"त. ते का, हे चित्रातच आहे. कार्ड हातात घेऊन सावकाश बघा. बाई अंथरुणात उठून बसलीये, तोंड दोन्ही हातांत लपवलंय. मागे नुसता काळोख आणि त्यात नऊ तलवारी आडव्या, एकीवर एक. यातली एकही तिच्या अंगात शिरलेली नाही. याच रांगेतलं थ्री काढून शेजारी ठेवा, तिथे हृदय आरपार भोसकलंय. टेनमध्ये पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीत तलवारी रुतल्यात. तिथे घाव होऊन गेलाय. नाइनमध्ये मारामारी आहे ती फक्त पलंगाच्या फळीवर, कोरीवकामात: एक जण दुसऱ्याला लोळवतोय. पांघरुणाच्या चौकटींत गुलाब आहेत, राशींची चिन्हं आहेत. तिचे डोळे झाकलेले असल्यामुळे तिला ना ती फळी दिसते, ना गुलाब, ना तलवारी. पामेला कोलमन स्मिथने १९०९ च्या या डेकमध्ये इतकं सगळं एवढ्याशा कार्डात बसवलंय आणि आपण त्यातून एक शब्द काढून मोकळे होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मैत्रिणीबद्दल विचारलंत आणि या चित्रात दुसरं माणूसच नाही. फळीवरची कोरलेली दोघं सोडा, पण त्या खोलीत ती एकटी आहे. मैत्रिणीच्या मनात काय आहे, हे सांगायला कार्डाकडे जागाच नाही. ज्या बाईनं कार्ड काढलं तिची रात्र कशी चाललीये, ते मात्र कार्ड नेमकं सांगतंय. ते तेवढंच घ्यावं.

पेज ऑफ स्वॉर्ड्स त्याच्याशी अगदी जुळतं. वाऱ्यात उभा राहिलेला पोरगा, तलवार उगारलेली, मान भलत्याच दिशेला वळलेली. वेटने त्याच्या अर्थांत पहारा आणि हेरगिरी दोन्ही दिलंय. उत्तर किती वाजता आलं, किती शब्दांचं आलं, "बरं"च्या पुढे पूर्णविराम होता का, हे सगळं टिपत बसणारा तो पोरगा आहे. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली तर मी असं वाचेन: आत धास्ती बसलीये आणि तिनं बाहेर पहारेकरी उभा केलाय. दोन्ही कार्डं तुमच्याविषयी बोलतायत, आणि त्यात तुमची चूक काढण्यासारखं काही नाही. मैत्री जिवाभावाची असली की असं होतंच.

पुढे काय करायचं? त्याच रात्री तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. प्रश्न मोडून तीन कार्डांत मांडा: मला नक्की काय माहीत आहे, मी काय गृहीत धरतेय, आणि तिला काय विचारता येईल. तिसरं कार्ड समोर आलं की खरोखर तिला विचारा. "हल्ली तू कमी बोलतेस, सगळं ठीक आहे ना?" एवढं वाक्य पुरतं. ती दमलेली असेल, तिच्या घरचं काही असेल, किंवा खरंच रागावलेली असेल. यातलं कुठलंही तिच्याच तोंडून कळलेलं बरं.

उत्तर | धारदार

मी थॉथ डेकवर, म्हणजे टॅरोच्याच दुसऱ्या एका संचावर, वाचतो, तिथून थोडी भर. थॉथमध्ये याच कार्डाचं नाव "क्रूरता" आहे. अंथरूण नाही, बाई नाही. नऊ लहान-मोठ्या तलवारी टोकं खाली करून उभ्या आणि पात्यांवरून रक्त टपकतंय. पण ज्योतिषाचा धागा गोल्डन डॉन या गूढविद्येच्या जुन्या मंडळाचाच आहे: मिथुनेतला मंगळ. मिथुन म्हणजे बुद्धी, बोलणं, एकाच गोष्टीचे दोन विचार. मंगळ म्हणजे वार. विचारच धारदार होऊन स्वतःवर उलटतात, असं मी हे कार्ड वाचतो. त्यामुळे तिसरंपान यांच्याशी सहमत. फक्त मी त्याला "थांब, आत्ता विचारू नकोस" असं धरतो.

आणि मार्सेय हा जुना डेक वापरत असाल तर हा सगळा वादच उरत नाही. तिथे नाइनवर माणूस नाही, नुसत्या तलवारींची नक्षी आहे. ज्यांना हो-नाही रोखठोक हवं असतं, त्यांच्यासाठी एक्क्यांची जुनी पद्धत आहे. कार्डं एकेक करून उघडायची, एक्का आला की ढीग थांबवायचा, नाही आला तर तेराव्या कार्डावर थांबायचं. असे तीन ढीग. सरळ एक्के "हो"कडे, उलटे "नाही"कडे. यात नाइनला मतच नसतं.

उत्तर | उशीवरचाकागद

एक वेगळी गोष्ट सांगते. हे कार्ड ज्यांना वारंवार येतं, त्यांना मी आधी झोपेबद्दल विचारते. रात्री मध्येच जाग येणं, छातीत धडधड, तेच तेच विचार हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावं. रीडिंग त्यानंतर. आणि तब्येतीबद्दलचा प्रश्न असेल तर त्यासाठी मी हो-नाहीचं कार्ड काढतच नाही.

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. "चित्रात दुसरं माणूसच नाही" हे वाचून कार्ड पुन्हा काढून बघितलं. ती फळी माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. झोप ठीक आहे, ती रात्र तेवढी वाईट गेली. मैत्रिणीला उद्या फोन करणार आहे.

दोन शंका राहिल्या. उलटं आलं तर? आणि तीन कार्डं काढून बहुमतानं हो-नाही बघतात, त्यात नाइन आलं तर ते कुठे मोजायचं?

उत्तर | तिसरंपान

उलट्या नाइनला सरसकट "सुटका" म्हणायची आता पद्धत पडलीये. काळजी ओसरतेय, पहाट होतेय वगैरे. आजूबाजूची कार्डं उजळ असतील तर मीही तसं वाचते. पण वेटने उलट्या नाइनला दिलेल्या अर्थांत तुरुंगवास आहे, संशय आहे, लाज आहे आणि "रास्त भीती" आहे. हा शेवटचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. सरळ कार्डात भीती मोठी दिसते, पण तिला आधार आहे की नाही ते कळत नाही. उलट्यात शक्यता असते की भीतीला खरंच काही कारण आहे आणि ते आपण स्वतःशीही बोललेलो नाही. तुमच्या प्रश्नाला उलटं आलं असतं तर मी विचारलं असतं, "तुमच्यात असं काही घडलंय का, जे तुम्ही इथे लिहिलं नाहीत?" याचं उत्तर "हो" असेल तर ते आधी मोकळं करायचं. नसेल तर मग ओसरणारी काळजी म्हणून वाचायचं.

बहुमताचं माझं असं: तीनात नाइन ऑफ स्वॉर्ड्स आलं की ते बाजूला ठेवते, मोजत नाही. उरलेली दोन एका बाजूला असतील तर तेच उत्तर, आणि नाइन सोबत सांगतं की ते उत्तर पचवायला जड जाणार आहे. दोघं फुटली, एक "हो" आणि एक "नाही", तर मी डेक गुंडाळून ठेवते. त्याच्या जागी चौथं कार्ड काढत नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी, उजेडात, वेगळ्या शब्दांत विचारते.