सल्ला हवा: आप्पांच्या छातीसाठी सीटी अँजिओ की थेट अँजिओग्राफी? आणि गुडघ्याचा एमआरआय आत्ताच करावा का? (यावल-जळगाव)

केळीबाग_यावल:
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा, वय ६३, घरची केळीची शेती. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू. दोनेक महिन्यांपासून भरभर चाललं किंवा ओझं घेऊन बांध चढला की छातीत मधोमध आवळल्यासारखं होतं. थांबलं की चार-पाच मिनिटांत जातं. बसल्या जागी किंवा झोपेत कधीच झालेलं नाही. जळगावात दाखवलं. ईसीजी नॉर्मल, टूडी इकोत पंपिंग ६० टक्के. ट्रेडमिलवर उजव्या गुडघ्यामुळे पुरेसं पळता आलं नाही, म्हणून तो रिपोर्ट अर्धवटच आला.

आता एक डॉक्टर म्हणतात सीटी अँजिओ करा, दुसरे म्हणतात थेट अँजिओग्राफी करून मोकळे व्हा. मामांचं म्हणणं, हार्टचं काम आहे, इथे थांबूच नका, पुण्या-मुंबईला नवी मशीनं आली आहेत. त्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो तर गुडघ्याच्या एमआरआयची चिठ्ठी मिळाली. दोन्ही एकदम करायचं म्हटलं तर खर्च बराच आहे, आणि सध्या केळीला भाव नाही. आधी काय करू? जाणकारांनी कृपया लिहा.

रेडिओलॉजी_धुळेकर:
मी रेडिओलॉजिस्ट आहे, मूळ धुळ्याचा. आधी चार गोष्टी सांगा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती? पूर्वी स्टेंट किंवा बायपास झालंय का? नाडी नियमित आहे का? दमा आहे का?

एक गोष्ट मात्र आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बसल्या जागी छातीत दुखलं, घाम फुटला, दुखणं १५-२० मिनिटं राहिलं, किंवा रोजच्यापेक्षा कमी श्रमात दुखायला लागलं, तर सीटीची तारीख बघत बसायचं नाही. आप्पांना गाडीत घालून जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. खाली मी जे काही लिहीन ते दुखणं आज आहे तसंच स्थिर आहे असं धरून.

केळीबाग_यावल:
धन्यवाद डॉक्टरसाहेब. क्रिएटिनिन १.०, स्टेंट-बायपास काही नाही. नाडी नियमित, साधारण ८०. दमा नाही. तंबाखू होती, आता सोडली आहे.

रेडिओलॉजी_धुळेकर:
मग माझं मत स्पष्ट आहे: आधी सीटी अँजिओ. का ते सविस्तर लिहितो, म्हणजे मामांनाही दाखवता येईल.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का, हेच दोन्ही तपासण्या बघतात. थेट अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून नळी हृदयापर्यंत नेतात. सीटीत हाताच्या शिरेतून फक्त रंगाचं औषध जातं आणि मशीन बाहेरून फोटो काढतं. युरोपातल्या २६ केंद्रांनी याच प्रश्नावर ३५६१ रुग्णांचा अभ्यास केला. सगळे स्थिर छातीदुखीचे, थेट अँजिओग्राफीसाठी पाठवलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले, एकाची सीटी आणि दुसऱ्याची थेट अँजिओग्राफी. २०२२ साली निकाल आला. साडेतीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू यांचं प्रमाण सीटी गटात २.१ टक्के आणि थेट अँजिओग्राफीच्या गटात ३.० टक्के होतं. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम नाही, म्हणजे या बाबतीत दोन्ही गट सारखेच समजायचे. पण तपासणीमुळे होणारे मोठे त्रास सीटी गटात ०.५ टक्के आणि दुसऱ्यात १.९ टक्के निघाले. म्हणजे सीटीने सुरुवात केल्याने रुग्णाचं नुकसान झालं नाही आणि पुष्कळांना नळी घालावीच लागली नाही.

त्याआधीचा स्कॉटलंडमधला अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रुग्ण ४१४६. नेहमीच्या तपासण्यांना सीटी अँजिओची जोड दिली, तेव्हा पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण ३.९ वरून २.३ टक्क्यांवर आलं (निकाल २०१८). गंमत बघा, पाच वर्षांअखेर अँजिओग्राफी आणि स्टेंट-बायपासचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. मग फायदा कुठून आला? सीटीत रक्तवाहिनीच्या भिंतीतला, अजून अडथळा न झालेला चरबीचा थरही दिसतो. तो दिसला की कोलेस्टेरॉलची गोळी आणि ॲस्पिरिन योग्य माणसाला वेळेत सुरू होते. ट्रेडमिल हे सांगू शकत नाही, ती फक्त रक्तपुरवठा अडतोय का एवढंच सुचवते. आप्पांच्या बाबतीत तर गुडघ्यामुळे तेही कळलं नाही.

आता नव्या मशीनबद्दल. मामा म्हणतात ते खोटं नाही. फोटॉन मोजणाऱ्या सीटीला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात एक्स-रेचा एकेक कण थेट विजेच्या संकेतात बदलतो, त्यामुळे ०.२ मिलिमीटरपर्यंतचा बारकावा दिसतो. साध्या सीटीत कॅल्शियमचा डाग फुगून दिसतो आणि वाहिनी आहे त्यापेक्षा अरुंद वाटते, ती अडचण इथे बरीच कमी होते. बारीक स्टेंटच्या आतलं बघायलाही ते उपयोगी. पण आप्पांना स्टेंट नाही. चांगली चालणारी ६४ स्लाइस (एका फेरीत ६४ काप टिपणारी) किंवा त्यावरची मशीन, आणि हृदयाचे सीटी नेहमी वाचणारा डॉक्टर, एवढं जिथे आहे तिथे हे काम होतं. जळगाव, धुळे, नाशिक, संभाजीनगर यांपैकी जवळ पडेल तिथे आधी फोन करून विचारा: हृदयाचे सीटी आठवड्याला किती होतात? रिपोर्ट कोण देतं? मशीनच्या वयापेक्षा ही उत्तरं जास्त सांगून जातात.

भुसावळ_लोको:
माझ्या ओळखीत एकाला सीटीत ब्लॉकेज निघालं, मग पुन्हा अँजिओग्राफी करावी लागली. दोनदा खर्च. त्यापेक्षा सरळ अँजिओग्राफी आणि लागलाच तर स्टेंट, एका फटक्यात काम. मी तरी तेच सांगेन.

रेडिओलॉजी_धुळेकर:
भाऊ, दोनदा खर्चाची भीती बरोबर आहे. ज्यांचं दुखणं गोळ्यांनी आटोक्यात येत नाही किंवा वाढत चाललंय, त्यांच्यासाठी तुमचा मार्ग योग्यही आहे. पण 'लागलाच तर स्टेंट' इथे थोडं थांबायला हवं. स्थिर दुखण्याच्या ५१७९ रुग्णांवरचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० मध्ये आला. औषधांवर ठेवलेले आणि लगेच अँजिओग्राफी करून गरजेनुसार स्टेंट-बायपास केलेले, या दोघांत मृत्यू आणि झटक्यांच्या एकूण प्रमाणात ठोस फरक निघाला नाही. छातीदुखी मात्र दुसऱ्या गटात जास्त कमी झाली. त्या अभ्यासात बहुतेकांची आधी सीटी केली होती, कारण डावीकडच्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेल्यांना वगळायचं होतं. तसा अडथळा असेल तर तो चुकता कामा नये, आणि सीटी तो दाखवते. टेबलावर झोपलेल्या माणसाला दहा मिनिटांत निर्णय घ्यायला लावण्यापेक्षा, सीटीचा रिपोर्ट हातात घेऊन घरच्यांशी बोलून ठरवलेलं मला केव्हाही बरं वाटतं.

सीटी_टेक्निशियन_चाळीसगाव:
डॉक्टरसाहेबांनी सगळं लिहिलंच आहे, मी त्या दिवसाच्या तयारीचं सांगतो. नाडी ८० असेल तर फोटो हलतो. साधारण ६०-६५ वर आणायला आधी गोळी देतात, ती दमा असलेल्याला त्रास देऊ शकते, म्हणून दम्याचं विचारतात. त्या दिवशी चहा-कॉफी आणि तंबाखू बंद. बाकी खाणं-पिणं केंद्रवाले सांगतील तसं. वाहिन्या रुंद व्हायला जिभेखाली गोळी किंवा फवारा देतात, डोकं थोडं दुखतं. मर्दानी ताकदीची गोळी घेतली असेल तर ती लाज न बाळगता सांगायला सांगा, तिच्याबरोबर हा फवारा दिला तर बीपी धोकादायक खाली येतं. मेटफॉर्मिन क्रिएटिनिन चांगलं असताना बहुधा थांबवावी लागत नाही, तरी केंद्राचा नियम विचारून घ्या. औषध जाताना अंगातून गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. ते आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो आणि नाडी चढते. घरी दहा-बारा सेकंद श्वास रोखायचा सराव करून घ्या, अर्धं काम तिथेच होतं.

आणि रेडिएशनला घाबरू नका. ३२ देशांतल्या केंद्रांची पाहणी झाली होती, त्यात २००७ ते २०१७ या दहा वर्षांत या तपासणीचा डोस ७८ टक्क्यांनी उतरलेला दिसला.

फिजिओताई_अमळनेर:
गुडघ्याबद्दल मी लिहिते. दादा, दोन्ही गुडघ्यांचा उभं राहून काढलेला एक्स-रे झालाय का? झोपून काढलेल्यात सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि खरी झीज लपते. पाय मुरगळला होता का? गुडघा मध्येच अडकतो का, पूर्ण सरळ होत नाही का?

केळीबाग_यावल:
ताई, एक्स-रे झोपूनच काढलाय. मुरगळला नाही, अडकत नाही. उकिडवं बसलं आणि जिना उतरला की दुखतो. सकाळी थोडा आखडतो.

फिजिओताई_अमळनेर:
मग एमआरआय आत्ता नको, असं माझं मत. हाडांच्या डॉक्टरांना विचारून आधी उभ्याचा एक्स-रे काढा. एमआरआय केला तर रिपोर्टमध्ये 'मेनिस्कस (गुडघ्यातली कुर्चेची गादी) फाटला' असं येण्याची शक्यता भरपूर आहे, आणि ते वाचून घरचे सगळे ऑपरेशनच्या मागे लागतील. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात पन्नाशीच्या पुढच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयवर तपासले (२००८). ३५ टक्क्यांचा मेनिस्कस फाटलेला किंवा झिजलेला निघाला, आणि त्यांतल्या ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात काहीही दुखलं नव्हतं! फिनलंडच्या डॉक्टरांनी तर २०१३ मध्ये झिजून फाटलेल्या मेनिस्कसची खरी दुर्बीण शस्त्रक्रिया आणि दुर्बीण घालून पण मेनिस्कस न कापता केलेली खोटी शस्त्रक्रिया यांची तुलना केली. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मनापासून केला तर आप्पांना त्याने जास्त बरं वाटेल. पण छातीचा निकाल लागेपर्यंत जोराचा व्यायाम नाही, खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचे हलके प्रकार डॉक्टरांना विचारून.

रेडिओलॉजी_धुळेकर:
ताईंशी पूर्ण सहमत. एमआरआयमध्ये संशोधन जोरात चाललंय. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रुग्णालयाने आणि फेसबुकच्या संशोधकांनी मिळून गुडघ्याचा एमआरआय चौपट कमी माहितीतून संगणकाकरवी उभा करून दाखवला. २०२० मध्ये केलेल्या तुलनेत तज्ज्ञांना ती चित्रं नेहमीच्या चित्रांच्या तोडीची वाटली. वेळ कमी लागतो, दुखऱ्या माणसाला मशीनमध्ये कमी पडून राहावं लागतं, याचा मला फार आनंद आहे. पण तपासणी झटपट झाली म्हणून ती गरजेची होत नाही.

तोरणमाळ_वारा:
मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही धडगावकडचे. भाचा १९ वर्षांचा, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. डाव्या जांघेत महिनाभर दुखतंय, चालताना लंगडतो. कंबरेचा एक्स-रे नॉर्मल, म्हणून गोळ्या दिल्या. तिकडे माय म्हणते, "पोऱ्याना पाय दुखी ऱ्हायना नि फोटोमा काहीच दिसत नही." इथे एमआरआय करावा का?

रेडिओलॉजी_धुळेकर:
दादा, माफी कसली! इथे एमआरआय करायलाच हवा, आणि लवकर. आप्पांच्या गुडघ्याच्या अगदी उलट परिस्थिती आहे. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरू लागतं. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे साफ नॉर्मल असतो. एक्स-रेत दिसेपर्यंत पुष्कळदा डोकं खचायला लागलेलं असतं. एमआरआयमध्ये ते खूप आधी दिसतं. ताप, थंडी वाजणं किंवा पाय हलवताच असह्य दुखणं असेल तर मात्र एमआरआयच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा, हाडात जंतुसंसर्गही होऊ शकतो.

दोन्ही खुब्यांचा करा, एका बाजूचा नको, कारण दुसऱ्या बाजूलाही असू शकतं. शिरेतून रंग सहसा लागत नाही. चिठ्ठीवर 'सिकलसेल, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका' असं स्पष्ट लिहून घ्या. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, तिथून सोय झाली नाही तर धुळ्याच्या. रिपोर्ट येईपर्यंत डाव्या पायावर भार कमी, काठी वापरा, जड उचलणं बंद.

त्याला रक्त वारंवार चढवलंय का?

तोरणमाळ_वारा:
हो, लहानपणापासून बऱ्याचदा. का?

रेडिओलॉजी_धुळेकर:
चढवलेल्या रक्तातलं लोह शरीरात साठतं. हृदयात किती साठलंय ते एमआरआयवर मोजता येतं. लंडनच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. लोह जितकं जास्त तितका मोजणीचा आकडा लहान येतो. तो २० मिलिसेकंदांपेक्षा कमी आला तर हृदयात लोह आहे, १० च्या खाली गेला तर तातडीने उपचार. थॅलेसेमियाच्या मुलांत हे जास्त आढळतं, सिकलसेलमध्ये कमी, म्हणून लगेच घाबरू नका. आधी रक्तातलं फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी तपासणी) तपासा आणि त्याच्या रक्तविकाराच्या डॉक्टरांना विचारा.

सीटी_टेक्निशियन_चाळीसगाव:
भाच्यासाठी एक. एमआरआयची खोली थंडगार असते, आणि गारठ्याने सिकलसेलवाल्याला दुखण्याचा झटका येऊ शकतो. आधी भरपूर पाणी पाजा आणि आत जाताना दोन चादरी मागून घ्या. धडगावहून निघताना जुने एक्स-रे सोबत घ्या, आणि तपासणी झाली की फिल्मबरोबर सीडीही मागा, पुढच्या डॉक्टरांना तीच लागते.

तोरणमाळ_वारा:
सोमवारी नंदुरबारला नेतो. चिठ्ठी कशी लिहून घ्यायची ते कळलं.