गाशा, बिऱ्हाड आणि निरोप : परदेशातील स्वयंसेवा संपवून निघताना

परदेशात वर्ष-दोन वर्षे राहून स्वयंसेवेचे काम केलेली व्यक्ती परत निघते, तेव्हा तिच्या आवराआवरीला आणि निघण्याला मराठीत नेमके काय म्हणावे, असा प्रश्न आहे. ‘पॅकिंग’ आणि ‘फेअरवेल’ सर्वांना समजतात आणि त्यांच्या वापराला माझी हरकत नाही. परंतु या प्रसंगासाठी मराठीत शब्दांचा तुटवडाही नाही. अडचण एवढीच आहे की त्यांतील बहुतेक शब्दांना आपापला सूर चिकटलेला आहे आणि तो सूर न ओळखता शब्द वापरला, तर भलताच अर्थ निघतो.

‘गाशा गुंडाळणे’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचे कापड. शब्द फारसीमार्गे आलेला आहे. आज मात्र या वाक्प्रचारात अपयशाची किंवा नाइलाजाची छटा असते. एखाद्या कंपनीने गाशा गुंडाळला असे वाचले, की तिचा धंदा बसला असेच आपण समजतो. त्यामुळे ठरलेला कालावधी पुरा करून समाधानाने परतणाऱ्या स्वयंसेवकाने गाशा गुंडाळला असे लिहिणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे अमेरिकेच्या पीस कोअर या परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या सरकारी संस्थेने जगभरातील आपल्या सर्व स्वयंसेवकांना एकाच वेळी माघारी बोलावले, तेव्हाच्या घाईला मात्र हा वाक्प्रचार चपखल बसतो. त्याच प्रसंगाला ‘उचलबांगडी’ म्हणता येणार नाही, कारण त्या शब्दात निघणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध केलेली, बहुधा शिक्षेसारखी हकालपट्टी अभिप्रेत असते.

‘चंबूगबाळे आवरणे’ स्वतःविषयी थट्टेने म्हणावे. दुसऱ्याविषयी म्हटले तर ते तुच्छतेचे होते. ‘बिऱ्हाड आवरणे’ हा प्रयोग मला सर्वांत योग्य वाटतो, कारण बिऱ्हाड तात्पुरते असले तरी त्यात संसार मांडलेला असतो, आणि स्वयंसेवकाचे परदेशातील राहणे नेमके तसेच असते.

आवरताना काही वस्तू मागे राहतातच, कारण अनेक विमान कंपन्या इकॉनॉमी वर्गात एका बॅगेला २३ किलोंची मर्यादा घालतात. येथे मराठीतील संयुक्त क्रियापदे फार बारीक भेद करतात. ‘पुस्तके देऊन आलो’ म्हटले की घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘ठेवून आलो’ यात ती पुढच्याच्या उपयोगी पडतील ही अपेक्षा असते. ‘देऊन टाकली’ यात मोकळे झाल्याची भावना असते. आणि ‘टाकून आलो’ यात निष्काळजीपणा ऐकू येतो. वस्तू तीच, परंतु क्रियापद बदलताच बोलणाऱ्याचे तिच्याशी असलेले नाते बदलते. (अनुभवकथनांत ‘सर्व सामान तेथेच टाकून आलो’ हे वाक्य सर्रास आढळते. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा ‘देऊन’ म्हणायचे असते.)

आता ‘निरोप’. हा शब्द सांगावा आणि प्रस्थानाची परवानगी अशा दोन्ही अर्थांनी चालतो. म्हणूनच ‘निरोप पाठवला’ आणि ‘निरोप घेतला’ यांत एकच नाम असूनही घोटाळा होत नाही. निघणारा निरोप घेतो आणि राहणारा निरोप देतो, हा नियम हल्ली ढिला झालेला दिसतो. ‘मी सहकाऱ्यांना निरोप दिला’ असे परतणाऱ्याने लिहिले, तर सहकारीच गेले आणि हा मागे राहिला असा अर्थ होतो. निरोप घेण्यात समोरच्याकडून अनुमती मागण्याचा भाव आहे आणि पाहुणा म्हणून राहिलेल्या माणसाला तो शोभतो.

‘बोळवण’ हाही याच अर्थाचा जुना, आदराचा शब्द होता. जाणाऱ्याला काही अंतर सोबत करून पोचवणे असा त्याचा अर्थ. ‘आश्वासनांवर बोळवण केली’ यांसारख्या प्रयोगांनी त्याला आता कडवटपणा आला आहे, तेव्हा समारंभाच्या पत्रिकेवर तो छापू नये.

कार्यालयीन शब्दाचाही एक प्रश्न उरतो. पीस कोअरमध्ये प्रशिक्षणासह साधारण २७ महिन्यांचा कालावधी असतो आणि तो संपण्याला ‘क्लोज ऑफ सर्व्हिस’ म्हणतात, तर मुदतीआधी निघण्याला ‘अर्ली टर्मिनेशन’. पहिल्यासाठी ‘सेवासमाप्ती’ वापरण्याचा मोह होतो. परंतु ‘सेवा समाप्त करण्यात येत आहे’ हे वाक्य आपण नोकरीवरून काढण्याच्या आदेशात वाचतो. ‘कार्यमुक्त’ हा शब्द चालेल, पण तो बदलीच्या कागदपत्रांतील असून कोरडा आहे. ‘सेवापूर्ती’ हा शब्द निवृत्तीच्या सत्कारांमुळे रूढ आहे आणि त्यात काम पुरे केल्याचा गौरव आहे, म्हणून प्रमाणपत्रावर तोच घ्यावा. मुदतीआधी परतणाऱ्यासाठी ‘मुदतपूर्व परत’ एवढे पुरेसे आहे. त्यात कारणाविषयी कोणताही शेरा येत नाही.