जुन्या मृदंग-ढोलकीच्या खोडाला स्टेन लावलाय का कुणी? अनुभव लिहा

आमच्या भजन मंडळाचा जुना मृदंग घरी आणलाय. वाद्या (ओढायच्या कातडी पट्ट्या), पुड्या (तोंडावरचं चामडं), गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) सगळं उतरवलं तर लाल ऑईलपेंटखाली बिजाचं, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचं खोड निघालं, इतक्या सुंदर रेषा की त्यावर परत पेंट फासायला मन होत नाही. आता स्टेन (लाकडात मुरणारा, रेषा न झाकणारा रंग) अन् पॉलिश करायचंय, काकड्याआधी वाजता झाला पाहिजे. ज्यांनी घरी असं काम केलं त्यांनी मोकळेपणानं लिहा. माझ्याकडून एवढंच, जुना पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भाग) वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. मी रिमूव्हर लावून पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढला, लेकरांना तिकडे फिरकू दिलं नाही.

तिवसा, अमरावती
भाऊ, आमची ढोलकी आंब्याची आहे. आंबा स्टेन सारखा पीत नाही, एका जागी काळा डाग अन् बाजूला पिवळं राह्यते. त्यावर आमच्या सुतारकाकानं सांगितलेला इलाज म्हणजे आधी स्पिरिटमधला चपडा (लाखेचं पॉलिश) एकदम पातळ करून एक हात मारायचा, वाळला की २२० च्या पॉलिश पेपरनं हलकं फिरवायचं अन् मंग स्टेन. ब्रशनं नाही, सुती फडक्यानं लावायचा अन् लगेच पुसायचा. दोन्ही तोंडांकडे लाकूड आडवं कापलेलं असते, तिथं स्टेन लय ओढते, म्हणून तेवढा भाग ३२० नं घासून घ्या. रंग आधी वाद्यांखाली झाकल्या जाईल अशा जागेवर लावून पाहा, डब्यावरचा रंग अन् लाकडावरचा रंग कधीच एक नसते.

वडसा, गडचिरोली
आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली की ढोलकीला आराम नसते, त्यामुळे कामं पावसाळ्यातच उरकावी लागतात. माझं खोड सागाचं होतं. साग तेलकट, थिनरच्या फडक्यानं पुसल्याशिवाय त्याच्यावर काही धरत नाही. मला काळा रंग पाहिजे होता पण दुकानातला स्टेन नको होता, तं जंगलातला हिरडा कुटून उकळला, ते पाणी खोडाला पाजलं, वाळू दिलं. दुसरीकडे गंजके खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले होते, ते पाणी गाळून वरून फिरवलं अन् पाहता पाहता खोड काळं पडत गेलं! हिरड्यातल्या तुरटपणाची लोखंडाशी गाठ पडली की हा रंग होते, तो लाकडात उतरते, वर थर बसत नाही, त्यामुळे रेषा दिसतात. हातमोजे घाला, नाहीतर बोटंही काळी.

मूर्तिजापूर
शिसमाच्या तबल्याला स्टेन कायले लावता? नुसतं जवसाचं तेल चोळा. फक्त तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होते अन् बोळा आपोआप पेटू शकते. उघडे पसरून वाळवा.

सेलू, वर्धा
सासूबाईंच्या महिला मंडळाची खंजिरी मी केली. त्यांनी तुकडोजी महाराजांची भजनं आयुष्यभर याच खंजिरीवर म्हटली, म्हणून नवीन घ्यायचा प्रश्नच नव्हता. ताई-दादांनो, एक नक्की लक्षात ठेवा, खंजिरीचं चामडं कड्याला चिकटवलेलं असतं, त्या पट्टीवर स्टेन किंवा पॉलिश गेलं तर सरस धरत नाही. मी तेवढ्या भागाला आधी कागदी टेप लावली अन् मग रंग. वरून चपडाच लावला. लाख आपल्याच पळसा-कुसुमावरची, हाताला लागते तेव्हा बरं वाटतं. पण झडीच्या दिवसात चपडा लावू नका, दमट हवेत पांढरट पडतो. ऊन पाहून दुपारी लावा, हात पातळ असू द्या.

लाखनी, भंडारा
बिजाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बिजा रंग सोडते. ओल्या फडक्यानं पुसलं तरी फडकं पिवळं-तांबूस होते, अन् त्याचं पाणी उन्हात धरलं तर निळी झाक मारते. म्हणून पाण्याचा स्टेन त्याच्यावर नको, स्पिरिटचा घ्या तोही फिक्का, कारण बिजाचा स्वतःचाच सोनेरी-तपकिरी रंग पुष्कळ आहे, तुमच्या मृदंगाला तर मी नुसता चपडाच म्हणेन. अन् पॉलिश वरून वाळलं म्हणून पुड्या चढवायची घाई करू नका, आत कच्चं असलं तर वाद्या ओढल्या की पॉलिशमध्ये रुततात अन् त्यांचे चट्टे कायमचे उमटतात. नाकाला स्पिरिटचा वास येणं बंद झालं की मंग न्या पुडीवाल्याकडे.